विशेष बाब म्हणून

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. काहीजणांनी मेल टाकून चौकशी केली, त्यांचे आभार. घरच्यांना कारण माहीत आहे, बाकीच्यांना आता सांगते. माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी. मी बरी आहे, ऑफिसलाही जायला लागले आहे. पण आजचा विषय ऑपरेशन नाही, त्यासाठी मागितलेली रजा आहे. ऑपरेशनचा त्रास तीन आठवड्यांत संपला, रजेचा राग अजून गेलेला नाही!

थोडक्यात हकिगत अशी. सर्जनने तीन आठवडे विश्रांती लिहून दिली, म्हणजे कामाचे १५ दिवस. माझ्या खात्यात १२ दिवस सिक लीव्ह पडून होती. मी १२ सिक लीव्ह आणि ३ पी.एल. असा अर्ज महिनाभर आधी टाकला. चौथ्या दिवशी एचआरचं उत्तर आलं की ही 'कॉस्मेटिक आणि इलेक्टिव्ह' प्रोसिजर आहे, सिक लीव्ह देता येणार नाही, पी.एल. किंवा बिनपगारी घ्यावी. समक्ष भेटायला गेले तर वर हे ऐकायला मिळालं, "मॅडम, आज तुम्हाला दिली तर उद्या कुणी नाक सरळ करायला सिक लीव्ह मागेल."

हे दोन शब्द जरा तपासून बघू.

आधी 'इलेक्टिव्ह'. कॉलेजात इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय, घेतला तर घेतला. सर्जनच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की ऑपरेशन आज रात्रीच करायला हवं असं नाही, तारीख ठरवून करता येतं. मोतीबिंदू तारीख ठरवून काढतात. हर्निया, गुडघ्याची वाटी, पित्ताशयातले खडे, बहुतेक वेळा हे सगळं असंच होतं. आमच्याच ऑफिसात गेल्या वर्षी एकांनी गुडघा बदलून घेतला, सहा आठवडे सुट्टीवर होते, परत आले तेव्हा केक कापला. (केक मीही खाल्ला होता. तेव्हा चालत होता!) त्यांना कुणी विचारलं नाही की गुडघा ऐच्छिक होता का. खरं तर तारीख ठरवून रजा मागणारा माणूस कंपनीला सोयीचा. मी महिनाभर आधी सांगितलं, काम कुणाकडे सोपवायचं त्याची यादी दिली. हार्ट अटॅक अशी नोटीस देत नाही.

आता 'कॉस्मेटिक'. माझी उंची १६० सेंटीमीटर, वजन १०८ किलो. बीएमआय काढला तर ४२ येतो. नऊ वर्षं मधुमेह आहे. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावून झोपते. आता गंमत बघा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये आरोग्य विम्यातली न मिळणाऱ्या खर्चांची कलमं एकसारखी करून दिली. त्यात सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनचं कलम वेगळं आहे आणि स्थूलतेचं वेगळं. स्थूलतेच्या ऑपरेशनचा खर्च मिळू शकतो, पण अटी आहेत. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ किंवा जास्त हवं, बीएमआय ४० किंवा जास्त हवा, किंवा ३५ किंवा जास्त असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा औषधांनी न आटोपणारा मधुमेह असं काहीतरी हवं आणि आधी साधे उपाय करून ते फसलेले हवेत. माझी केस यात बसली. विमा कंपनी, जी एका रक्त तपासणीच्या बिलावर चार प्रश्न काढते, तिने हे ऑपरेशन वैद्यकीय गरज म्हणून मंजूर केलं. आणि ही पॉलिसी कुणाची? आमच्याच ऑफिसची. फाइल त्याच एचआरच्या टेबलावरून गेली. एकाच टेबलावर एका कागदात मी आजारी आणि दुसऱ्या कागदात मी ब्यूटी पार्लरला निघालेली. हे कसं?

यामागे खरं काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त लेखी कुणी देत नाही. जाड माणूस आजारी नसतो, आळशी असतो, ही समजूत. नाशिकच्या आत्याने फोनवर सांगितलं, "अगं, रोज पर्वती चढून उतरलीस तरी पुरे, पोट कशाला कापून घेतेस?" आत्या, तू मायेने म्हणालीस, म्हणून राग नाही. पण मी दोन वर्षं पहाटे पर्वती चढले. ९ किलो उतरले आणि पुढच्या दीड वर्षात ११ चढले. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला बघतं, भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं. माझ्या ऑपरेशनमध्ये (स्लीव्ह म्हणतात) जठराचा पाऊण भाग काढून टाकतात आणि घ्रेलिन मुख्यतः ज्या भागात तयार होतं तोही त्यातच जातो. म्हणजे हा निव्वळ मनाच्या निग्रहाचा प्रश्न नाही.

आणि समजा, घटकाभर धरून चालू की आजार मीच ओढवून घेतला. मग सिगरेट ओढणाऱ्याच्या अँजिओप्लास्टीला सिक लीव्ह देता ना? सिंहगडावर घसरून पाय मोडला तर देता ना? द्यायलाच हवी. सिक लीव्ह ही वागणुकीचं बक्षीस नाही, काम करता येत नाही त्या दिवसांची सोय आहे.

"सगळेच मागतील" या भीतीला तर काय म्हणावं! पूर्ण भूल, हॉस्पिटलात तीन दिवस, पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, तेही घोट घोट. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ भात. महिनाभर जड उचलायचं नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. एवढं सगळं कुणी १२ दिवसांच्या रजेसाठी करेल असं ज्याला वाटतं त्याने आठ दिवस मुगाच्या कढणावर काढून दाखवावेत. एकाने तर सुचवलं की आता इंजेक्शनं निघाली आहेत, ती घ्या, रजेची भानगडच नको. ती २०२५ मध्ये भारतात आली हे खरं आहे आणि अनेकांना उपयोगी पडत आहेत. पण कुणाला इंजेक्शन आणि कुणाला ऑपरेशन हे डॉक्टरने ठरवायचं, रजेचा फॉर्म तपासणाऱ्याने नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे. वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. म्हणजे आमच्यासारख्यांची सिक लीव्ह कंपनीच्या पुस्तिकेवर, आणि पुस्तिका वाचणाऱ्याच्या मनावर. याउलट राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगाराला, वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. तिथे प्रश्न एकच, डॉक्टरने काम बंद ठेवायला सांगितलं आहे का? आजार सभ्य आहे की नाही हे कुणी विचारत नाही. सरकारी नोकरांनाही वैद्यकीय दाखल्यावर अर्धवेतनी रजा परिवर्तित करून घेता येते. एसी ऑफिसात बसून लाखांत पगार घेणाऱ्यांपेक्षा हे नियम जास्त शहाणे आहेत.

शेवटी माझी रजा मंजूर झाली. विम्याचं मंजुरीपत्र जोडलं, सर्जनचं दुसरं पत्र जोडलं, साहेबांच्या साहेबांना मेल केली. तीन आठवडे हे चाललं आणि ऑपरेशनच्या पाच दिवस आधी उत्तर आलं, "विशेष बाब म्हणून मंजूर." सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला मात्र रजा नाकारण्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. विशेष बाब म्हणजे काय? म्हणजे नियम तसाच राहिला. म्हणजे ही मेहेरबानी. माझी नोकरी सोळा वर्षांची, भांडायला तोंड आहे. दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी काय करेल? ती 'हर्नियाचं ऑपरेशन' असं खोटं लिहून देईल. तसं लिहिणारे मला आता तीन जण माहीत झाले आहेत, कारण माझं कळल्यावर त्यांनी जिन्यात गाठून हळूच सांगितलं. खरी आजारी असलेली माणसं खोटा आजार सांगतात, तेव्हा लाज कुणाला वाटायला हवी?

माझी मागणी फार छोटी आहे. पुस्तिकेत एक वाक्य घाला की डॉक्टरने ऑपरेशन आणि विश्रांतीच्या तारखा लिहून दिल्या असतील तर ती सिक लीव्ह. कुठल्या अवयवाचं, कशासाठी, हे विचारू नका. दाखल्याची शंका असेल तर कंपनीच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, माझी हरकत नाही. तसा अर्ज मी परत टाकला आहे, या वेळी रजेचा नाही, नियम बदलण्याचा. जिन्यात भेटलेल्या तिघांपैकी दोघांनी त्यावर सही केली आहे. तिसऱ्याला अजून धीर होत नाही आणि मी आग्रह करणार नाही.

असो. तुमच्या ऑफिसात काय नियम आहे तो जरूर कळवा. आणि आत्या, दिवाळीला येते आहे. चकल्या कर, पण मला एकच वाढ.