बारावीनंतर डिझाइन: तयारी नेमकी कशाची करायची?

मुलगी वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढते, बिघडलेला मिक्सर उघडून बघते. दहावीचा निकाल लागल्यावर ती म्हणते, ‘मला डिझाइन शिकायचंय.’ घरात लगेच दोन प्रश्न येतात. सायन्स घ्यावं लागेल का? आणि क्लास कुठला लावायचा? प्रवेश परीक्षा नेमकं काय तपासते, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा राहून जातो. तयारीची दिशा त्यावरच ठरते.

परीक्षा कोणत्या?

आयआयटींमधल्या बी.डेस. पदवीचा प्रवेश ‘युसीड’मधून होतो. २०१५ पासून आयआयटी मुंबई ही परीक्षा घेते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, म्हणजे ‘एनआयडी’ची परीक्षा वेगळी असते आणि ती पूर्व व मुख्य अशा दोन टप्प्यांत होते.

युसीडला विज्ञान, वाणिज्य, कला अशा कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसू शकतो. पण प्रवेश देणाऱ्या संस्थांच्या विषयांबाबतच्या अटी सारख्याच असतील असं नाही. त्यामुळे अकरावीचे विषय निवडण्याआधी माहितीपुस्तिका वाचलेली बरी. ही परीक्षा जास्तीत जास्त दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षांतच देता येते. ती साधारणपणे जानेवारीत, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर येते.

चित्रकला चांगली असली की झालं?

नाही. युसीडच्या ३०० गुणांपैकी २०० गुणांचा पहिला भाग संगणकावर असतो. एखादी वस्तू वरून किंवा बाजूने कशी दिसेल, दातेरी चाकांच्या साखळीत शेवटचं चाक कुठल्या दिशेने फिरेल, अशा प्रकारचा विचार तिथे लागतो. तर्क, भाषा, समाज आणि पर्यावरणाची जाण हेही त्यात आलं. उरलेले १०० गुण कागदावर रेखाटन आणि डिझाइनच्या प्रश्नांना असतात. पहिल्या भागाचा कटऑफ पार केला नाही, तर दुसऱ्या भागाचा कागद तपासलाच जात नाही. नुसत्या चित्रकलेच्या भरवशावर राहणारे इथेच अडकतात.

शाळेत यातलं काय मिळतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा अनेक मुलं देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हा त्यांचा अभ्यास डिझाइनच्या पायाभरणीला चांगला उपयोगी पडतो.

अडचण तयारीच्या पद्धतीत आहे. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बऱ्याच ठिकाणी बाजाराचं किंवा रेल्वे स्टेशनचं एकच चित्र घोटून घेतलं जातं. ‘पावसात एसटी स्टँडवर अडकलेली माणसं पहिल्या मजल्यावरून कशी दिसतील?’ असा प्रश्न आला, की ते पाठ केलेलं चित्र कामाला येत नाही.

मग घरी काय करता येईल?

रोज एक वस्तू तीन बाजूंनी काढावी. सायकलची चेन, दाराची कडी, कुकरची शिट्टी कशी चालते हे उघडून बघावं आणि आकृतीत मांडावं. एसटीच्या उंच पायरीवर कडेवर मूल घेतलेली बाई कशी चढते, कुठे अडखळते, हे टिपावं आणि त्यावर दोन-तीन उपाय रेखाटावेत.

ही दृष्टी भारतीय डिझाइन शिक्षणाच्या मुळाशीच आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचा विचार केला: त्यात किती मावावं, तो उचलायला, वाहायला, ओतायला कसा असावा. या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये एनआयडी उभी राहिली.

क्लास लावायचा की नाही?

वेळ लावून पेपर सोडवण्याचा सराव क्लासमध्ये होतो. पण बघण्याची सवय दोन महिन्यांत लागत नाही, मग फी कितीही भरा. मराठी माध्यमाच्या मुलांसमोर आणखी एक अडथळा आहे. युसीडची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. ते वाचन अकरावीपासूनच सुरू करावं लागतं.

खरा प्रश्न तासिकेचा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून मुलांना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकू द्यावं असं सुचवलं आहे. पण नववी-दहावीत चित्रकला आणि कार्यानुभवाची तासिका गणिताला देऊन टाकली, तर सातवीत सुटलेला हात तिथेच थांबतो. ज्यांना परवडतं ते पालक ही उणीव पुढे पैसे मोजून भरून काढतात. बाकीच्या मुलांकडे शाळेची ती एक तासिकाच असते. पुढच्या पालकसभेत तिची चौकशी करायला हरकत नाही.