नागपूरची माहिती नागपूरच्या वर्गात यावी

देशभरातल्या मातीचे सर्वेक्षण करून तिचे नकाशे तयार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था इथे आहे, संत्र्यासह लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी संस्था इथे आहे आणि पाणी, हवा व सांडपाण्याचा अभ्यास करणारी ‘नीरी’ १९५८पासून इथेच आहे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, केंद्रीय भूजल मंडळाचे व हवामान खात्याचे प्रादेशिक कार्यालय, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, अशी ही यादी आणखी वाढवता येईल. या संस्था सतत काही ना काही मोजत असतात. त्यांतली बरीच माहिती आता संकेतस्थळांवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तरीही याच शहरातला नववीचा विद्यार्थी ‘जलसुरक्षा’ या विषयाचा प्रकल्प लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या वहीत पेंच धरणाचा साठा नसतो, कन्हान नदी नसते, आपल्या तालुक्यातली भूजल पातळीही नसते. बहुतेकदा असतो तो कुठूनतरी उतरवलेला ‘पाण्याचे महत्त्व’ हा निबंध आणि छापील चित्रे. माहिती हाकेच्या अंतरावर आणि विद्यार्थी तिच्यापासून दूर, ही अवस्था साधनांच्या कमतरतेमुळे आलेली नाही. आपल्या शाळांनी डिजिटल शिक्षणाचा जो अर्थ लावला, त्यातून ती आली आहे.

हा अर्थ असा, की फळ्याच्या जागी पडदा आला, खडूच्या जागी चित्रफीत आली, म्हणजे वर्ग डिजिटल झाला. या प्रयत्नांचे मोल कमी नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला, पुढे तो राज्याने स्वीकारला आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०१७मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. बालभारतीची पुस्तके घरबसल्या विनामूल्य मिळू लागली. यामुळे अवघड संकल्पना डोळ्यांना दिसू लागल्या, चुकलेला पाठ पुन्हा ऐकता येऊ लागला. पण या सगळ्यांत मूल हे तयार उत्तर घेणाराच राहते. प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला, उत्तर दुसऱ्याने शोधलेले, ते बरोबर असल्याची हमीही दुसऱ्याचीच. शाळेबाहेर पडल्यावर मात्र याच मुलाला रोज शेकडो दावे एकट्याने तोलायचे असतात आणि त्यांची हमी द्यायला तिथे कोणी नसते.

मुलांना यंत्र हाताळता येत नाही, अशी आता स्थिती नाही. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांविषयी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालात असे दिसले, की ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. यांपैकी आधीच्या आठवड्यात शिक्षणाशी संबंधित काही कामासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. यंत्राची ओळख आपोआप होते, शोधण्याची आणि पारखण्याची सवय आपोआप लागत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये ३,४४६ शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष याच दिशेचा आहे. मतदानातल्या गैरप्रकाराची म्हणून एक अस्पष्ट चित्रफीत विद्यार्थ्यांना दाखवली गेली. ती प्रत्यक्षात रशियातली होती. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी ती अमेरिकेतल्या गैरप्रकाराचा सबळ पुरावा मानली. तिचा मूळ स्रोत हुडकून काढणारे विद्यार्थी होते अवघे तीन. ही मुले इंटरनेटच्या सोबतीनेच वाढलेली होती, हे इथे विसरून चालणार नाही.

याच अभ्यासगटाचे पुढचे काम अधिक आशादायक आहे. नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात नेहमीच्या नागरिकशास्त्राच्या वर्गांत शिक्षकांनी पन्नास मिनिटांचे फक्त सहा तास घेतले. समोरच्या संकेतस्थळावर रेंगाळण्याऐवजी त्यातून बाहेर पडायचे, हे लिहिणारे कोण आहे आणि इतर स्रोत काय सांगतात हे आधी तपासायचे, एवढीच पद्धत शिकवली. हे तास झालेल्या विद्यार्थ्यांची पारख न झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. महागडी उपकरणे नाहीत, वेगळा विषय नाही, वर्षभराचा अभ्यासक्रम नाही. सहा तासांची ही गुंतवणूक नागपुरातल्या कोणत्याही शाळेला परवडेल.

असे तास आपल्याकडे कसे होऊ शकतात? एक उदाहरण सविस्तर पाहू. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. माणसे दगावली. हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरही गेला. नववीच्या वर्गात एकच प्रश्न ठेवावा: हा पूर कशामुळे आला? पावसाचा आकडा हवामान खात्याच्या नोंदीत मिळतो. पण शहराची मुख्य वेधशाळा सोनेगावला विमानतळाजवळ आहे आणि अंबाझरीचे पाणलोट क्षेत्र वेगळे. मग विमानतळावर मोजलेला पाऊस तलावाच्या वर पडलेल्या पावसाइतकाच होता का, हा प्रश्न मुलांनाच पडतो. मोजमाप म्हणजे काय आणि त्याची मर्यादा कोणती, हे त्या क्षणी जितके कळते तितके व्याख्या पाठ करून कळत नाही. पुढे इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर किंवा गूगल अर्थच्या जुन्या प्रतिमांवर नदीकाठची बांधकामे वर्षागणिक कशी वाढली, ते पाहता येते. १९०८चे नागपूर जिल्हा गॅझेटिअर स्कॅन केलेल्या रूपात उपलब्ध आहे. त्यातून जुन्या शहराचा पाणीपुरवठा आणि तलाव यांचे चित्र मिळते. शेवटी वृत्तपत्रांतल्या बातम्या, प्रशासनाचे म्हणणे आणि रहिवाशांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवायचे. वर्गात एकमत होणार नाही. पण प्रत्येक गटाला आपले म्हणणे कशावरून मांडले, हे सांगावे लागेल. भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र आणि जलसुरक्षा हे चार विषय एका प्रश्नात एकत्र येतात आणि तो प्रश्न मुलांच्या स्वतःच्या शहराचा असतो.

हीच रीत इतर विषयांनाही लागू पडते. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे दर मराठीत असतात. कळमना बाजारातले संत्र्याचे महिनाभराचे दर घेऊन मध्य आणि मध्यक काढला, तर सांख्यिकीचे प्रकरण कोरडे राहत नाही. सरासरी चांगली दिसत असतानाही एखाद्या शेतकऱ्याला भाव का मिळाला नसेल, हेही गणिताच्या तासाला उमगते. विज्ञानाच्या तासाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची नागपूरच्या हवेची मोजमापे वापरता येतात. समाजशास्त्रासाठी पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात विदर्भातल्या शेतीवरचे वृत्तान्त मराठीतही वाचायला मिळतात.

इथे पहिला आक्षेप भाषेचा येतो. असे स्रोत इंग्रजीत असतात, मराठी माध्यमाच्या मुलांना त्यांचा काय उपयोग? आक्षेप खरा आहे, पण पूर्ण खरा नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला उभ्या राहिलेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड आज संकेतस्थळावर खुले आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या तेवीस खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम तर नागपुरातच सुरू झाले होते आणि तोही आता इंटरनेटवर वाचता येतो. केतकरांचा एखादा लेख आणि त्याच विषयावरची विश्वकोशातली नोंद मुलांनी शेजारी ठेवून वाचली, तर अर्ध्या शतकात ज्ञान कसे बदलले, जुने काय टिकले आणि काय खोडले गेले, हे त्यांना मराठीतच दिसेल. शिवाय पर्जन्यमानाचा तक्ता वाचायला फार इंग्रजी लागत नाही. दहा-बारा संज्ञा शिक्षकाने समजावल्या तरी काम भागते. उरलेली उणीव भरून काढणे हे संस्थांचे कर्तव्य आहे. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

दुसरा आक्षेप साधनांचा. शाळांची माहिती नोंदवणाऱ्या ‘यूडायस प्लस’ या सरकारी यंत्रणेच्या २०२४-२५च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे तिनातल्या एका शाळेत ते अजून नाही. रामटेक, पारशिवनी किंवा भिवापूर तालुक्यातल्या छोट्या जिल्हा परिषद शाळेला प्रत्येक मुलासाठी संगणक मिळणार नाही आणि त्याची वाट पाहत थांबण्याचेही कारण नाही. पुराच्या उदाहरणात लागणारी सगळी सामग्री एका शिक्षकाच्या फोनवर उतरवून घेता येते आणि चार पानांवर छापून चार गटांत वाटता येते. शोध हा मुलांच्या डोक्यात आणि चर्चेत व्हायचा आहे. एकच यंत्र असलेला वर्ग एकत्र बसून शोधतो, शोधशब्द कोणता टाकायचा यावर बोलतो. एकेकट्या पडद्यासमोर बसलेल्या मुलांमध्ये हे बोलणे होत नाही. अर्थात, छापील पाने हा तात्पुरता उपाय आहे. शाळेला चांगली जोडणी मिळण्याचा हक्क त्यामुळे संपत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्याने मुलांचे लक्ष विखुरते, वाचन उथळ होते. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञानाच्या लाभाचे भक्कम पुरावे थोडेच आहेत, असे बजावले आहे. स्वीडनसारख्या देशाने त्याच सुमारास छापील पाठ्यपुस्तकांवर पुन्हा भर दिला. हा इशारा मानलाच पाहिजे आणि तो मानला, तर आजच्या पद्धतीवरच त्याचा रोख जातो. तासन्‌तास चित्रफिती दाखवणे हा पडद्याचा सर्वांत निष्क्रिय वापर आहे. इथे मांडलेल्या पद्धतीत पडदा थोडा वेळ लागतो आणि कागद, पेन व वाद अधिक वेळ लागतात. पाठ्यपुस्तकही बाजूला पडत नाही. पायाभूत माहिती नसलेल्या मुलाला शोधायचे काय, हेच कळत नाही. पुस्तक नीट वाचलेले मूलच चांगला प्रश्न विचारते.

आता चौथा आक्षेप नव्याने ऐकू येतो. कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात उत्तर देत असताना शोधायला शिकवायचे कशाला? त्या उत्तराची भाषा सफाईदार असते आणि त्यात चूक असली तरी ती त्याच सफाईने येते. ते तपासायचे तर तपासणाऱ्याला मूळ नोंदीपर्यंत जाण्याची वाट ठाऊक हवी. मूळ नोंद कधीच न पाहिलेले मूल यंत्राच्या उत्तरापुढे असहाय असते. मुलांना एक चांगला गृहपाठ देता येईल: यंत्राकडून नागपूरच्या पावसाविषयी उत्तर घ्या आणि त्यातले प्रत्येक विधान हवामान खात्याच्या नोंदीशी ताडून पाहा.

सर्वांत खरा अडथळा शिक्षकाच्या वेळेचा आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, वेगवेगळ्या पोर्टलवर भरायची माहिती यांतून उरलेल्या वेळात अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो आणि परीक्षेत या कौशल्याला गुण नसतात. त्यामुळे शिक्षकांना केवळ उपदेश करून काही होणार नाही. केरळने सरकारी शाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन २०२२मध्ये ‘सत्यमेव जयते’ हा माहिती पारखण्याचा कार्यक्रम लाखो विद्यार्थ्यांपर्यंत नेला. त्याला राज्याच्या यंत्रणेचे बळ होते. महाराष्ट्रालाही ते द्यावे लागेल. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली केली. शाळा त्या योजनेबाहेर आहेत. शाळांना तेवढी नियतकालिके नकोतच. पण त्या रकमेच्या अगदी छोट्या अंशातही शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मराठी सामग्री उभी राहू शकते.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. नागपुरातल्या प्रत्येक केंद्रीय व राज्य संस्थेने आपल्या संकेतस्थळावर शाळांसाठी मराठी पान सुरू करावे. त्यावर जिल्ह्याची साधी, उतरवून घेता येणारी आकडेवारी असावी आणि ती कशी मोजली, याचे सोप्या भाषेत स्पष्टीकरण असावे. शिक्षण मंडळाने जलसुरक्षेसारख्या प्रकल्पांचे मूल्यमापन सजावटीवर न करता तीन कसोट्यांवर करावे: प्रश्न स्वतःचा आहे का, किमान दोन स्वतंत्र स्रोत वापरले का आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत तेव्हा विद्यार्थ्याने काय केले. जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेने स्मार्ट वर्गांच्या पुढच्या खरेदीआधी या कामासाठी शिक्षकांचे सहा तास राखून ठेवावेत आणि त्या बदल्यात त्यांच्यावरची एखादी तरी बिगरशैक्षणिक जबाबदारी कमी करावी. पालकांनीही शाळेत किती पडदे आहेत, हे विचारणे आता थांबवावे. आपल्या मुलाने या सत्रात कोणता प्रश्न स्वतः शोधला आणि त्याचे उत्तर कशावरून ठरवले, हे त्यांनी पुढच्या पालकसभेत विचारावे.