काटकसर झाडूवाल्याच्याच ताटातून का?

मलकापूरसारख्या 'क' वर्ग नगरपरिषदांच्या कारभारात एक उत्तर ठरलेले असते : आस्थापना खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर नेता येत नाही, म्हणून भरती नाही. मग साफसफाईचे कंत्राट निघते.

पैशांची अडचण खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि छोटी गावे शासनाच्या सहायक अनुदानावर विसंबली. पण या अडचणीतून काढलेली वाट कोणाच्या अंगावरून जाते, हा आमचा प्रश्न आहे.

कायम सफाई कामगाराचा पगार आस्थापनेत मोजला जातो. तोच माणूस, तोच झाडू, तेच गटार ठेकेदाराच्या बिलात गेले की आस्थापनेतून गायब! कागदावर टक्केवारी सुधारते. तिजोरीतून पैसा जातोच, वर ठेकेदाराचा नफाही जातो. कापला जातो तो कामगाराचा हक्क. बिंदुनामावली नाही, पेन्शन नाही, लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी नाही. गटारात उतरायला मात्र आमचीच माणसे लागतात. म्हणजे कामाची जात कायम, नोकरी तेवढी हंगामी. याला आम्ही काटकसर म्हणायचे?

ही युक्ती जुनी आहे. 1871 पासून इंग्रज सरकारने आपल्या तिजोरीचा ताण प्रांतांवर कसा ढकलला, हे बाबासाहेबांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील 1925 च्या ग्रंथात उलगडून दाखवले. आज राज्य तो ताण नगरपरिषदेवर ढकलते, नगरपरिषद ठेकेदारावर आणि ठेकेदार झाडूवाल्यावर. त्याच्याखाली ढकलायला कोणी उरत नाही.

"दुसरा मार्गच नाही" हे म्हणणेही खरे नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून सुमारे 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. रोजचे, बारमाही काम कंत्राटी कसे, हा प्रश्न मलकापुरातही विचारता येतो.

म्हणून अंदाजपत्रकाच्या सभेआधी नगरसेवकांकडून तीन उत्तरे मागा. आस्थापना खर्चाशेजारी सफाईच्या ठेक्याची रक्कम दाखवणार का? त्यातले किती रुपये कामगाराच्या हातात पडतात? सफाईची मंजूर पदे किती आणि रिक्त किती? तोंडी उत्तर नको, लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार आहेच.

काटकसर करायचीच असेल तर ती वरून सुरू करा. झाडूपासून नव्हे.

जय भीम!