अंगात येते ते कोण?

हलगी घुमू लागली, उदाचा धूर कोंदला की एखादी बाई घुमायला लागते. केस सुटतात, आवाज बदलतो आणि कालपर्यंत जिला घरात कोणी विचारत नव्हते, तिच्यापुढे सासूसासरे लोटांगण घालतात. ही बाई ढोंगी आहे काय? दरवेळी नाही. उपास, जागरण, एकसुरी ताल आणि ‘आता देवी येणार’ ही भोवतालच्यांची अपेक्षा यांनी भान हरपते. संमोहनातही सूचनेचाच प्रभाव असतो. देवी येत नाही. पुष्कळदा दाबलेले दुःख बोलते.

या दुःखावर भगताचा धंदा चालतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अंगात शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना भीती घालणे, भूत उतरवण्यासाठी साखळीने बांधणे, मारणे हा गुन्हा ठरला. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे कैद. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचाराचा हक्कही दिला.

परंतु कायदा कागदावर आणि भगत गल्लीत, ही आजची स्थिती आहे. बाबासाहेबांनी दिलेला धम्म मनालाच सर्वांचे मूळ मानतो. मग मन दुखावले तर भगताचे दार कशाला? टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. बंधूंनो, भगिनींनो, त्या बाईच्या पाया पडू नका, तिला मारूही नका. ती भानावर आली की शेजारी बसा आणि विचारा, ‘ताई, तुला दुखते कुठे?’