वाचन ही कुणाची मिरासदारी नव्हे!

'शिका' हा बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतील पहिला शब्द. तो घराघरांत भिंतीवर लागला, जयंतीच्या फलकांवर झळकला. परंतु घरातले पाच वर्षांचे पोर नेमके वाचायला कसे शिकते, हा प्रश्न आपण शाळेवर सोपवून मोकळे झालो. परिणाम काय झाला? 'असर' 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम 23 मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. ही सरकारी शाळांतली मुले बहुतांशी कुणाची आहेत, हे आम्ही वेगळे सांगायला हवे काय?

जोतिरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शिक्षण हक्काचा कायदा व्हायला 2009 साल उजाडावे लागले. या कायद्याने मुलाचे नाव पटावर आले, पण हातात वाचन आले नाही!

पैसेवाल्यांनी आपली वाट शोधली आहे. शहरांत 'फॉनिक्स'चे क्लास निघाले असून वस्तीतला बापही पोटाला चिमटा घेऊन त्यांची फी भरतो. त्यात गूढ काहीही नाही. अक्षराचे नाव न घोकता त्याचा आवाज शिकायचा आणि आवाजाला आवाज जोडून शब्द वाचायचा, इतकेच. इंग्रजीत ते अवघड, कारण 'सी-ए-टी' म्हटल्याने 'कॅट' होत नाही. मराठीत अक्षराचे नाव हाच बहुधा त्याचा आवाज. मग हे काम घरी का होऊ नये?

आमच्याकडे अजूनही बाराखडी पाठ करून घेतली जाते. मूल 'क का कि की' धडाधडा म्हणते; मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवा, गप्प होते! ते पाठांतर आहे, वाचन नव्हे. त्याऐवजी आधी चारच अक्षरे घ्या: क, म, न, ल. सोबत फक्त काना. एवढ्यावर कान, नाक, काम, मान, मका, लाल, काका, मामा, कमान असे शब्द तयार होतात. पहिल्या आठवड्यातच मुलाला कळते की मी वाचतो. पुढे भ आणि दुसरी वेलांटी आली की ते 'भीम' हा शब्द स्वतः वाचते. पहिली वेलांटी जरा उशिरा घ्या, कारण ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. जोडाक्षरे व रफार त्याहून पुढे. 'चार' आणि 'चाक' यांतला च वेगळा, हे मुलाचा कानच त्याला सांगेल. रोज पंधरा मिनिटे, एक पाटी, एक खडू, खर्च एवढाच.

आई निरक्षर असेल तर? तरीही तिचे काम अडत नाही. भाकरी थापताना तिने विचारावे, "'भाकरी'त पहिला आवाज कुठला? 'मीठ'मध्ये शेवटी काय ऐकू येते?" आवाज ओळखणारा कान तयार झाला की अर्धे वाचन झालेच. पाटीवरचे काम थोरली बहीण किंवा शेजारची दहावीतली मुलगी करील. मूल 'पानी' म्हणाले म्हणून त्याला हिणवू नका. घरची बोली अशुद्ध नसते. 'पाणी' हा शब्द ते पुस्तकातून शिकेलच.

यामुळे शासनाची जबाबदारी संपते, असा अर्थ कुणी काढू नये. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा घाट 2023 साली याच राज्यात घातला गेला. त्याविरुद्धचा लढा रस्त्यावरच लढावा लागेल. पण लढ्याचा निकाल लागेपर्यंत पोराचे वय थांबत नाही. पहिलीत अडलेले मूल पाचवीत गणितही वाचू शकत नाही आणि मग तेच 'मठ्ठ' ठरते!

आमचे समाजातील शिकलेल्या तरुणांना व नोकरदारांना आवाहन आहे: रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास या लेकरांसाठी ठेवा. जयंतीच्या वर्गणीतून दहा पाट्या आणि खडूचा खोका घ्या. सावित्रीबाईंचे शिक्षण जोतिरावांनी घरीच सुरू केले, आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरबंदी होती, त्यांच्या घरात एकही मूल अक्षरावाचून राहणार नाही, एवढा निर्धार आपण करणार आहोत काय?