शिकविलें, पण शिकला कोण?

मुलगा परीक्षेंत नापास झाला म्हणजे आपल्याकडे तीन आरोपी हटकून उभे केले जातात. बाप मुलाच्या आळसाला दोष देतो, मास्तर बापाच्या दुर्लक्षाला देतो, आणि दोघे मिळून क्रमिक पुस्तकावर खापर फोडतात. चौथा आरोपी मात्र न्यायासनापुढें कधींच येत नाहीं. तो म्हणजे ‘शिकणें म्हणजे काय’ याविषयींची शिक्षकाच्या मनांतील कल्पना. आज आम्ही याच आरोपीची चौकशी करणार आहों. कारण दरवर्षीं बदलणारीं पुस्तकें, परीक्षा आणि परिपत्रकें यांपेक्षां मुलांच्या नशिबावर तिचाच अंमल अधिक चालतो.

आम्हांस तत्त्वज्ञान नको, वर्गांत उपयोगीं पडेल तें सांगा, असें म्हणणारे व्यवहारी गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांस आमचें उत्तर असें कीं, तत्त्वावांचून शिकविणारा शिक्षक जगांत नाहीं. मन म्हणजे रिकामा हंडा असें मानणारा व्याख्यान देतो. शिकणें म्हणजे संवय असें मानणारा घोकंपट्टी करून घेतो. मूल आपला अर्थ आपणच जुळवितें असें मानणारा प्रश्न विचारतो व वाट पाहतो. भेद इतकाच कीं, कोणी आपलें तत्त्व पारखून घेतलेलें असतें, तर कोणाला तें आपल्या मास्तरांकडून वारशानें आलेलें असतें. आमच्या व्यापारी वाचकांनीं आपल्याच पेढीकडे पाहावें. जाणता मुनीम नव्या उमेदवारापुढें जमाखर्चावर व्याख्यान झोडीत नाहीं. आधीं स्वतः नोंद करून दाखवितो, मग उमेदवाराकडून करवून घेतो, आणि सायंकाळीं शिल्लक जुळली नाहीं म्हणजे चूक त्यालाच शोधावयास लावितो. या रीतींत शिक्षणशास्त्राचे निदान तीन सिद्धान्त आहेत. मुनिमाला त्यांचीं नांवें ठाऊक नाहींत एवढेंच.

उलटपक्षीं, नांवें ठाऊक असून तत्त्व हरवल्याचें उदाहरण आपल्या अध्यापक विद्यालयांतच आहे. हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन पंडितानें असें प्रतिपादिलें कीं, नवी कल्पना मनांत आधींच असलेल्या कल्पनांना जडली तरच टिकते. त्याच्या झिलर, राइन आदि अनुयायांनीं या विचाराच्या पांच पायऱ्या बांधल्या. तीच आपल्याकडील प्रसिद्ध पंचपदी. मूळ विचार सोन्यासारखा होता. परंतु पाठाच्या टांचणांत त्याचे रकाने झाले. मुलाला काय येतें तें शोधण्यासाठीं असलेली प्रस्तावना ही धड्याचें नांव मुलाच्या तोंडून वदविण्याची युक्ति होऊन बसली. न्यायालयांत आपल्याच साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारण्यास कायद्याची सामान्यतः मनाई असते, कारण तशा उत्तरानें साक्षीदाराचें ज्ञान कळत नाहीं, वकिलाची इच्छा तेवढी कळते. जी गोष्ट न्यायाधीश एक क्षण चालूं देणार नाहीं, ती वर्गांत उत्तम पाठाचें लक्षण म्हणून गुण मिळवीत आली आहे!

हर्बार्टनंतर या शास्त्रानें पुष्कळ मजल मारली आहे. एबिंगहाउस यानें १८८५ सालीं स्वतःवरच प्रयोग करून दाखविलें कीं, पाठ केलेलें प्रथम झपाट्यानें विसरतें व पुढें विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ मध्यें अमेरिकेंत रोडिगर व कार्पिकी यांनीं विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास देऊन पाहिलें. उतारा पुनः वाचणारे पांच मिनिटांनंतर सरस ठरले. परंतु आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे त्यांच्या पुढें गेले. स्वेलर यानें १९८८ पासून दाखवून दिलें कीं, मन एका वेळीं थोडेंच ओझें पेलूं शकतें; म्हणून नवशिक्यास आधीं सोडविलेलीं उदाहरणें दाखवावीं आणि आधार हळूहळू काढून घ्यावा. यांतून शिक्षकाला सरळ आदेश मिळतो: धडा एका दमांत संपवूं नका, मागचें थोड्या थोड्या दिवसांनीं आठवावयास लावा, आणि लहानशी परीक्षा शिक्षा म्हणून न घेतां अभ्यासाचें साधन म्हणून घ्या.

मग जुनी घोकंपट्टीच खरी ठरली काय, असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. समजलेलें आठवणें ही एक गोष्ट आणि न समजलेलें बडबडणें ही दुसरी. पण याच्या उलट टोंकासही जाऊं नये. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें ‘ज्ञानरचनावाद’ पुरस्कारिला आणि महाराष्ट्रांत कित्येक शाळांच्या फरश्या अक्षरांनीं व आंकड्यांनीं रंगल्या. जेथें शिक्षकाला त्यामागील विचार उमगला तेथें मुलें खरोखरच बोलूं लागलीं. जेथें उमगला नाहीं तेथें रंग तेवढा राहिला. पंचपदीचें जें झालें तेंच याही विचाराचें होऊं पाहत आहे, आणि आमची खरी भीति हीच आहे.

तत्त्व मुरलें म्हणजे काय होतें, तें पाहावयाचें असेल तर ठाणें जिल्ह्यांतील (हल्लींच्या पालघर जिल्ह्यांतील) बोर्डी व कोसबाड येथील कार्य आठवावें. तेथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं माँटेसरी पद्धतीचीं महाग उपकरणें जशींच्या तशीं आणलीं नाहींत. मूल हातांनीं व इंद्रियांनीं शिकतें हें तत्त्व त्यांनीं घेतलें आणि त्यासाठीं खडे, शिंपले, बिया असें आसपास मिळेल तें साहित्य वापरलें. मुलें शाळेंत येत ना, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. तत्त्व ज्याला कळलें त्याला रूप बदलतां येतें. ज्याला रूपच तेवढें ठाऊक, तो त्याचा गुलाम होतो.

असे शिक्षक घडवावयाचे कोठें? येथें आपल्या प्रांताचा इतिहास अभिमानास्पद नाहीं. महाराष्ट्रांतील सुमारें तीनशें अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यांतूनच न्यायमूर्ति वर्मा आयोग नेमला गेला. सेवापूर्व शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकीं सुमारें ९० टक्के खासगी आहेत, असें त्या आयोगानें २०१२ सालीं नमूद केलें. पदवी हा जेथें विक्रीचा माल होतो तेथें तत्त्वाची पारख कोण करणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्म पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता ठरविली आहे. वर्षें वाढलीं याचा आनंद आहे. परंतु एक वर्षाचें टांचण चार वर्षें लिहावयास लावलें, तर हातीं काय येणार?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक अध्यापक विद्यालयास खरी, चालती शाळा जोडलेली असावी आणि भावी शिक्षकानें तेथें महिनेच्या महिने तींच मुलें शिकवावीं; दोनचार दिखाऊ पाठांवर पदवी देऊं नये. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यानें टांचणवही मिटून ठेवावी आणि गेल्या महिन्यांतील धडा मुलांस विचारावा. तिसरी मागणी आमच्या वाचकांकडेच आहे. शिकवणीच्या वर्गांस भरमसाट फी मोजतांना आपण विचारतों, “भाग किती संपला?” त्याऐवजीं “मुलाला काय राहिलें?” असें विचारूं लागा. पेढीवर माल किती आला एवढ्यावरून कोणी नफा मांडीत नाहीं, शिल्लक पाहतो. शाळेचा हिशेबही तसाच मागितला पाहिजे, आणि तो मागण्याचा हक्क व भार दोन्ही आपलींच आहेत, असें आमचें ठाम मत आहे.