कारागृहाच्या दाराशी उभे राहणारे शास्त्र



कारागृहाचे नाव निघताच आपण तोंड फिरवितो. तेथे गुन्हेगार असतात, आपल्या कुटुंबाचा तेथे काय संबंध, असे आपण मानतो. ही समजूत सोडून दिली पाहिजे. देशाच्या कारागृहांतील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन जणांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही. ते कच्चे कैदी आहेत. अनुसूचित जातींचा लोकसंख्येतील वाटा २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६.६ टक्के, परंतु २०२२ च्या सरकारी आकडेवारीत कच्च्या कैद्यांमध्ये तो सुमारे पाचवा हिस्सा होता. तेव्हा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात आणि कल्याणच्या आधारवाडी कारागृहात कोण अडकून पडले आहे, हा आपल्या वस्तीचाच प्रश्न होय.

ह्या प्रश्नाला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, असे एक प्राध्यापक म्हणजे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील श्री. विजय राघवन. त्या संस्थेने १९९० साली ‘प्रयास’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील समाजकार्यकर्ता बंद्यासमोर बसतो व साधे प्रश्न विचारतो : तुला वकील आहे काय? घरी कळविले काय? जामीन मिळूनही तू आत का? राघवन यांनी ह्याच कामातून अध्यापन व संशोधन उभे केले. महाराष्ट्राच्या कारागृहांतील मुस्लिम बंद्यांचा त्यांनी श्रीमती रोशनी नायर यांच्यासह अभ्यास केला. कारागृहांतील मुस्लिमांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याहून कितीतरी अधिक आहे, आणि बहुतेकांचा संघटित गुन्हेगारीशी संबंध नाही, हे त्यातून पुढे आले. जी गोष्ट अफवा म्हणून उडवून लावता आली असती, ती पुराव्याने मांडली गेली.

आता वकील या नात्याने सांगतो. न्यायाधीशाने जामीन मंजूर केला म्हणजे दार उघडते असे नाही. जामीनदार हवा, त्याच्या ऐपतीचा दाखला हवा, राहण्याचा पत्ता हवा. चाळीत भाड्याने राहणाऱ्या मजुराने हे कोठून आणावे? १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडविले. तत्त्व तेव्हाच ठरले. परंतु तत्त्व स्वतःच्या पायांनी कोठडीपर्यंत चालत जात नाही. त्याला तेथवर नेणारा माणूस लागतो. समाजकार्य ही दया नव्हे. कायद्याला पाय देणारे ते शास्त्र आहे.

म्हणून आपण दोन गोष्टी कराव्यात. पहिली : वस्तीतील कोणी अटकेत गेला तर दलालाच्या मागे लागून दागिने गहाण टाकू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये कोठडीतील प्रत्येकास, तसेच स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बौद्धांनाही १९९० पासून केंद्राच्या कायद्याने अनुसूचित जातींचे हक्क आहेत. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. पहिल्याच गुन्ह्याचा आरोप असलेल्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर २०२४ साली अंमलात आलेल्या नव्या संहितेचे कलम ४७९ त्याच्या सुटकेचा मार्ग उघडते. मात्र फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस, तसेच एकाहून अधिक खटले चालू असल्यास, ते लागू नाही.

दुसरी : मुलगा अभियंता व्हावा, मुलगी डॉक्टर व्हावी, ही इच्छा योग्यच आहे. परंतु डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंतच्या प्रत्येक वस्तीतून एक तरी मुलगा वा मुलगी समाजकार्याच्या शिक्षणाकडे पाठवा. आजवर इतरांनी येऊन आपली माहिती टिपून घेतली. आपली गणना आपण करू, प्रश्न आपण विचारू, आणि उत्तरे न्यायालयापुढे आपण ठेवू, तेव्हाच कागदावरचा हक्क हातात येईल.